कुजणारे प्लास्टिक आणि दाबाखालचा वायू

आमच्या विद्यालयाच्या एका वार्षिक स्नेहसंमेलनात जेवणासाठी ‘जैवविघटनशील’ असे छापलेले चमचे आणले होते. ते पॉलिलॅक्टिक ॲसिड या पदार्थाचे होते. कार्यक्रमानंतर वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी त्यांपैकी काही खतखड्ड्यात पुरले. पावसाळा सरेपर्यंत त्यांची माती होईल, असे आम्हीच त्यांना सांगितले होते. पावसाळा सरला. खड्डा उकरला, तेव्हा केळीच्या सालींचे उत्तम खत झाले होते. चमचे मात्र धुऊन पुन्हा वापरता येतील असे निघाले. “सर, मग छापलेले खोटे का?” या प्रश्नाचे उत्तर आम्ही विद्यार्थ्यांचे देणे लागत होतो. प्रस्तुत लेख त्या ऋणाची फेड होय.

छापलेले खोटे नव्हते, अपुरे होते. दह्याला आंबटपणा देणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे असंख्य रेणू साखळीसारखे जोडले गेले की पॉलिलॅक्टिक ॲसिड तयार होते. मूळ आम्ल मका किंवा ऊस यांतील शर्करा आंबवून मिळवतात. सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या खाली या साखळ्या थिजल्यासारख्या असतात. त्यांचे पाण्यामुळे होणारे तुकडे फार सावकाश पडतात, आणि साखळी पुरेशी तुटल्याखेरीज सूक्ष्मजीवांना ती पचवता येत नाही. औद्योगिक खतनिर्मितीत ढीग ६० अंशांच्या आसपास तापलेला राखतात. तेथे हा पदार्थ कुजतो. आमच्या खड्ड्यात ती ऊब नव्हती.

हाच ताठरपणा वस्तू घडवतानाही आडवा येतो. चमचा करायचा तर पदार्थ १५० ते १८० अंशांपर्यंत तापवून वितळवता येतो. परंतु त्याच पदार्थात औषध किंवा विकर मिसळून शरीरात ठेवायचे असेल, तर एवढ्या उष्णतेने ते बिघडण्याची भीती असते. दुसरा मार्ग क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन यांसारख्या द्रावकांत विरघळवण्याचा. हे द्रावक अपायकारक असून त्यांचा अंश वस्तूत मागे राहू शकतो. शरीरात निर्धोकपणे विरून जाणारी वस्तू विषारी द्रवातून घडवावी, ही विसंगती कोणासही खटकेल.

येथे आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मदतीस येतो. बेलफास्ट येथील थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ साली दाखवून दिले की, सुमारे ३१ अंशांवर गेल्यास हा वायू कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही. ३१ अंशांहून अधिक तापमान आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पटींहून अधिक दाब असेल, तर तो अतिक्रांतिक अवस्थेत जातो. या अवस्थेत त्याची घनता द्रवासारखी होऊ शकते, मात्र शिरकाव करण्याची क्षमता वायूसारखी राहते. कॉफीच्या बियांतील कॅफीन काढण्यासाठी उद्योगात त्याचा वापर होतो.

मात्र एक बारकावा ध्यानी घ्यावा. कॉफीत हा वायू कॅफीनला आपल्यात विरघळवून घेतो. पॉलिलॅक्टिक ॲसिडला तो फारसा विरघळवत नाही. उलट तोच त्या पदार्थात विरघळतो. साखळ्यांमध्ये शिरून तो त्यांना सैल करतो. जे काम ६० अंशांच्या उष्णतेने व्हावे, ते दाबाखालचा वायू त्याहून कमी तापमानात करतो. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठात स्टीव्ह हाउडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने, शरीराच्या तापमानाच्या आसपास, अशा बहुवारिकांत विकरे मिसळली व ती कार्यक्षम राहिल्याचे दाखवले.

पुढची पायरी तर प्रत्येकाने पाहिलेली आहे. सोड्याची बाटली उघडताच दाब उतरतो आणि बुडबुडे उसळतात. येथेही दाब उतरवला की विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागतो. त्याच वेळी साखळ्या पुन्हा ताठ होतात आणि बुडबुड्यांच्या जागा तशाच राहतात. ढोकळ्याप्रमाणे जाळी पडते. दाब वेगाने उतरवला तर छिद्रे सामान्यतः लहान व पुष्कळ, सावकाश उतरवला तर मोठी व थोडी. अशा जाळीत पेशी रुजवून हाडाची झीज भरून काढण्याचे संशोधन होत आहे. पेशींनी घर बांधावे आणि परांची आपोआप विरून जावी, अशी ही कल्पना आहे.

हा वायू हवेत उष्णता कोंडणारा म्हणून ओळखला जातो. मग तो हितकर कसा? खत व मद्यार्क यांच्या कारखान्यांत तो उपउत्पादन म्हणून निघतो. तोच वापरला तर नव्याने निर्माण करावा लागत नाही, आणि काम झाल्यावर गोळा करून पुन्हा वापरता येतो. तो जळत नाही, वस्तूत विषारी अंश ठेवत नाही. तरीही हे सारे फुकट नव्हे. जाड पोलादी पात्रे महाग असतात, दाब चढवण्यास ऊर्जा लागते. म्हणून औषधोपचाराच्या मोलाच्या वस्तूंसाठी जे परवडते, ते जेवणावळीच्या चमच्यासाठी परवडेलच असे नाही. शिवाय या पद्धतीने घडवलेला चमचाही आमच्या खड्ड्यात कुजला नसताच.

त्या खड्ड्यातला एक चमचा आज आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत आहे. ‘कुजणारे प्लास्टिक’ ही जुनी चिठ्ठी विद्यार्थ्यांनी काढून नवी लावली आहे : ‘कुजते, पण कोठे, किती उष्णतेत आणि किती दिवसांत, हे विचारा.’ ‘हरित’ म्हणवणाऱ्या कोणत्याही वस्तूला याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारावा, एवढेच आमचे सांगणे : ती घडली कशी?