लेप लावण्याआधी त्वचेला विचारा

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला आई आधी कोमट तेल अंगभर जिरवायची आणि मगच दुधात कालवलेलं उटणं लावायची. तेलाशिवाय उटणं घासलं तर "अंग तडतडेल" म्हणायची. त्यामागे साधा हिशोब होता. थंडी सुरू झाली की त्वचा कोरडी पडू लागते. अशा वेळी तेल शोषणारी पूड लावायची, तर आधी तेलाची भर घालायला हवी. आज फेस पॅक, शीट मास्क, पील-ऑफ मास्क यांनी दुकानं भरली आहेत, पण त्वचेकडे बघून लेप निवडायची ती सवय मागे पडली आहे. तिच्या जागी काही गैरसमज घट्ट बसलेत. ते एकेक करून पाहू.

गैरसमज : माझी त्वचा तेलकट आहे, म्हणून मला कायम एकच पॅक चालतो.

वस्तुस्थिती : तेलकट किंवा कोरडी हा त्वचेवरचा जन्माचा शिक्का नाही. वयात येताना संप्रेरकांमुळे तैलग्रंथी जोमाने काम करू लागतात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अनेकींच्या हनुवटीवर पुटकुळ्या येतात. गरोदरपणात वांग उमटू शकतात. पाळी बंद झाल्यावर तेल आणि कोलॅजन दोन्ही कमी होतं, त्वचा पातळ आणि कोरडी होते. हवेचंही तसंच आहे. मुंबईच्या दमट मे महिन्यात चिपचिपणारा चेहरा नागपूरच्या डिसेंबरात ओढल्यासारखा वाटतो. दिवसभर एसीत बसणाऱ्यांना तर पावसाळ्यातही कोरडेपणा जाणवतो.

म्हणून लेप निवडण्याआधी एक सोपी पाहणी करा. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, हलक्या हाताने टिपा आणि काहीही न लावता अर्धा-पाऊण तास थांबा. मग खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात आरसा धरा. कपाळ आणि नाक चमकतंय का? हसलं की गाल ताणल्यासारखे वाटतात का? पुष्कळांना या दोन्ही प्रश्नांची उत्तरं "हो" अशीच मिळतील. तसं असेल तर मातीचा लेप फक्त कपाळ-नाकावर लावा आणि गालांवर मध किंवा कोरफडीचा गर लावा. एकाच चेहऱ्यावर दोन लेप लावायला काहीच हरकत नाही.

गैरसमज : मुलतानी माती कडकडीत वाळू दिली तरच गुण येतो.

वस्तुस्थिती : तेल शोषणं हा या मातीचा मूळ धर्म. पूर्वी लोकरीतला तेलकटपणा काढायलाही अशीच माती वापरत. पण नको असलेलं तेल कोणतं आणि त्वचेला हवं असलेलं कोणतं, हे मातीला कळत नाही. लेप ओला असतो तोवर त्वचेला गारवा मिळतो. पुढे कडा फिकट होऊ लागतात, मधला भाग मात्र दमट असतो. धुवायची वेळ हीच, साधारण आठ-दहा मिनिटांनी. त्यानंतर माती आकसते, तिला भेगा पडतात, त्वचा ओढली जाते आणि धुतल्यावर चेहरा लाल, रखरखीत दिसतो. वाळलेला लेप खरवडू नका. आधी पाण्याने भिजवून मऊ करा, मग काढा. तेलकट भागावर आठवड्यातून एकदा पुरे. कोरडी त्वचा असेल आणि थंडीचे दिवस असतील, तर मातीला सुट्टीच द्या.

गैरसमज : घरगुती लेपाने अपाय होत नाही.

वस्तुस्थिती : स्वयंपाकघरातलं सगळंच चेहऱ्याला मानवतं असं नाही. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच पाचच्या आसपास. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या जवळ, म्हणजे तो त्वचेपेक्षा शेकडो पटींनी आम्ल. शिवाय लिंबातल्या, विशेषतः सालीतल्या, काही घटकांवर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहू शकतात. डाग घालवायला लावलेलं लिंबू असे नवे डाग देऊन जातं. खाण्याचा सोडा याच्या उलट, अल्कधर्मी. तोही त्वचेचं संरक्षक आवरण दुखावतो. हळद अनेकांना मानवते, पण काहींना तिचीही ॲलर्जी असते.

म्हणून लेप घरचा असो वा विकतचा, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा. काही दिवस असं करूनही खाज, पुरळ, लाली आली नाही, तरच तो चेहऱ्यावर लावा.

गैरसमज : चुरचुरतंय म्हणजे काम करतंय.

वस्तुस्थिती : ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक आम्लाच्या मास्कने क्षणभर झिणझिण्या येऊ शकतात. पण आग होणं आणि ती वाढत जाणं ही त्वचेची तक्रार आहे. लगेच धुवा. रात्री रेटिनॉल लावत असाल, तर त्याच दिवशी आम्लाचा मास्क नको. गरोदरपणात रेटिनॉल टाळाच.

गैरसमज : वाफेने रंध्रं उघडतात आणि पील-ऑफ मास्कने मुळापासून साफ होतात.

वस्तुस्थिती : रंध्रांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात. वाफेने वरचा मळ मऊ होतो, एवढंच. नाकावरचे करडे ठिपके बऱ्याचदा ब्लॅकहेड्स नसून रंध्रांतल्या तेलाचे नैसर्गिक धागे असतात. ते ओढून काढले तरी काही आठवड्यांत पुन्हा भरतात. कोळशाचा पील-ऑफ मास्क ओढताना त्यांच्याबरोबर बारीक लव आणि त्वचेचा वरचा थरही निघतो. नाजूक त्वचेला ही शिक्षा कशाला?

गैरसमज : मुरुमांच्या त्वचेला ओलावा देणारा मास्क नको.

वस्तुस्थिती : तेल आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्वचा तेलकट असूनही तिच्यात पाण्याची कमतरता असू शकते, विशेषतः मुरुमांची औषधं सुरू असताना. ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक आम्लाचा, सुगंधविरहित, तेलविरहित मास्क अशा वेळी उपयोगी पडतो. शीट मास्क पंधरा-वीस मिनिटांनी, पूर्ण सुकण्याआधी काढा आणि त्या ओलाव्यावरच मॉइश्चरायझर लावा. शीट मास्क एकदा वापरला की टाकून द्या.

गैरसमज : योग्य पॅक मिळाला की रंग उजळतो.

वस्तुस्थिती : त्वचेचा मूळ रंग मेलॅनिन ठरवतं, ते लेपाने बदलत नाही. उन्हाने आलेला काळवंडलेपणा कमी व्हायला आठवडे लागतात, कारण तरुणपणीही त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण महिना जातो. त्या काळात सनस्क्रीन नसेल तर सगळी मेहनत वाया. आठवडाभरात गोरं करण्याचं वचन देणारा लेप किंवा क्रीम दिसलं, तर सावध व्हा. अशा उत्पादनांत स्टेरॉइड किंवा पारा सापडल्याची उदाहरणं आहेत.

पू भरलेले मुरूम, पसरणारे वांग, न थांबणारी खाज किंवा अनियमित पाळीसोबत जबड्यावर येणाऱ्या पुटकुळ्या यांवर लेप हा उपाय नव्हे. तिथे त्वचारोगतज्ज्ञच हवेत.

एरवी लेप जरूर लावा, त्यातली पंधरा मिनिटांची निवांत बैठकही मोलाची आहे. फक्त वाटीत माती कालवण्याआधी चेहऱ्यावरून एकदा बोटं फिरवा. आई तेलाची वाटी घेऊन बसायची तेव्हा आधी आमच्या पाठीवरून कोरडा हात फिरवायची. किती तेल लागणार हे तिला त्या स्पर्शातूनच कळायचं.