सर, माझा फोटो आला का?

दिवाळीच्या सुमारास एखादा चांगला कॅमेरा घ्यावा, असा विचार दरवर्षी पुष्कळांच्या मनात येतो. त्यांपैकी ज्यांना तो खेळाच्या मैदानावर न्यावयाचा आहे आणि ज्यांचा खिसा माझ्यासारखाच प्राध्यापकी आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी कॉलेजात मराठी शिकवतो. छायाचित्रण हा माझा विषय नव्हे. परंतु चुकीचा कॅमेरा कसा घ्यावा, या विषयावर मात्र मी अधिकारवाणीने बोलू शकतो.

माझा पहिला कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा होता. दुकानदाराने हा आकडा असा काही उच्चारला, की पुढे काही विचारणे मला अरसिकपणाचे वाटले. तो गळ्यात अडकवून मी साताऱ्यात आमच्या कॉलेजच्या मुलींचा कबड्डीचा सामना टिपायला गेलो. संध्याकाळ झाली होती, मैदानाच्या कडेचे दिवे लागले होते. आमची एक मुलगी चढाईला गेली, चौघींनी तिला धरले, तरी ती रेषेपर्यंत पोहोचली. मी बटण दाबीत होतो. घरी येऊन पाहतो, तर मुलीच्या जागी एक निळसर ढग, आणि मागच्या प्रेक्षकांतील एका गृहस्थांच्या मिशा मात्र अगदी स्पष्ट!

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी वर्गाबाहेर उभी. “सर, माझा फोटो आला का?”

“नाही आला गं नीट,” मी म्हणालो.

“आबांना दाखवायचा होता. सामने नेमके धारेच्या वेळेला असतात, त्यांना येता येत नाही. ते म्हणतात, कबड्डी म्हणजे तू करतेस तरी काय, ते मला एकदा दिसू दे.”

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्यापुरता हौसेचा राहिला नाही. २०२२ साली साताऱ्यात ‘महाराष्ट्र केसरी’ झाली, २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. अशा वेळी वृत्तपत्रांचे छायाचित्रकार हातभर लांबीची भिंगे घेऊन हजर असतात. परंतु गावच्या जत्रेतल्या कुस्तीला, शाळेच्या खो-खोला, आंतरमहाविद्यालयीन कबड्डीला कोण येणार? ऑलिंपिकचे पदक आणणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. २०२३ साली बर्लिनमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झालेली अदिती स्वामी साताऱ्याची. मोठे होण्याआधी खेळाडू आपल्याच गावात खेळत असतो. तेव्हाचे त्याचे चित्र काढले तर तुम्हीआम्हीच काढणार.

तेव्हा कॅमेरा घेण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारायचा तो दुकानदाराला नव्हे, स्वतःला: मी कोठे उभा राहणार आणि तेथे उजेड किती असणार? यवतेश्वरच्या घाटात भर उन्हात धावपटू टिपायचे असतील, तर साधा कॅमेरा आणि स्वस्त लांब भिंगही काम भागवते. खरी परीक्षा दिव्यांखाली. धावता खेळाडू थिजवायचा, तर पडदा सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून अधिक वेळ उघडा राहता कामा नये. हजाराव्या भागाइतका ठेवता आला तर उत्तम. एवढ्या अल्पवेळात पुरेसा प्रकाश आत यायचा, तर भिंगाचे तोंड मोठे हवे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे भिंग लांब केले, की त्याचे तोंड बहुधा एफ ५.६ वर येते. ५० मिलिमीटरचे एफ १.८ भिंग त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. आणि हे छोटे भिंग पुष्कळ स्वस्त असते! म्हणून पैशाची वाटणी करताना आधी भिंगाचे पैसे बाजूला काढावेत आणि उरलेल्यांत बॉडी पाहावी. मी नेमके उलट केले होते.

आता बॉडी. तिच्यात तीन गुण पाहावेत, आणि याच क्रमाने पाहावेत. पहिला, हलत्या माणसावर नजर धरून ठेवण्याचा. याची कळ कॅननमध्ये ‘एआय सर्व्हो’ आणि निकॉनमध्ये ‘एएफ-सी’ या नावाने असते. ती न लावताच कॅमेऱ्याला शिव्या देणारे कित्येक आहेत. मीही त्यांतलाच. दुसरा गुण वेगाचा. सेकंदाला पाच चित्रे म्हणजे दोन चित्रांत एक-पंचमांश सेकंदाचे अंतर. सेकंदाला सात मीटर धावणारा मुलगा तेवढ्यात सुमारे दीड मीटर पुढे जातो. सेकंदाला दहा चित्रे निघाली, तर हे अंतर निम्मे होते. तिसरा गुण मंद उजेडात चित्र फार रवाळ न होऊ देण्याचा. मेगापिक्सेल या यादीत नाहीत, हे ध्यानात आलेच असेल. वीस मेगापिक्सेलचे चित्र १८ इंच रुंद छापले, तरी उत्तम दिसते. भिंतीवर त्याहून मोठे लावायला आपल्या घरी भिंत कोठे आहे? हात स्थिर करणाऱ्या यंत्रणेसाठीही जादा पैसे मोजू नयेत. ती आपला हात सावरते, खेळाडूला थांबवीत नाही.

हे गुण नव्या स्वस्त कॅमेऱ्यापेक्षा जुन्या भारी कॅमेऱ्यात अधिक सापडतात. कॅननचा ‘सेव्हन-डी मार्क टू’ २०१४ सालचा, निकॉनचा ‘डी ५००’ २०१६ सालचा. दोन्ही सेकंदाला दहा चित्रे काढतात. शिवाय मैदानावरचे काही दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्यांना ते दिसत नाही, पण एक चित्र उजळ तर दुसरे काळवंडलेले निघते. तो लुकलुकाट चुकविण्याची सोयही या दोघांत आहे. खिसा आणखी हलका असेल, तर निकॉनचा ‘डी ७२००’ किंवा कॅननचा ‘८०-डी’ पाहावा. वेग सहा-सात चित्रांचा. आरसा नसलेल्या नव्या पिढीत कॅननचा ‘आर-१०’ पंधरा चित्रे काढतो आणि माणसाचा डोळा स्वतः हुडकतो. परंतु नुसती बॉडी घेऊन भिंगापुरते पैसे उरत नसतील, तर त्याचा मोह टाळावा.

जुना कॅमेरा घेताना मात्र बैल पारखतात तसा पारखावा. पडदा किती वेळा उघडला ते विचारावे. मार्क टू आणि डी ५०० यांचे पडदे दोन लाख वेळांच्या हिशेबाने बनवलेले आहेत. लाखाच्या आत आकडा असला तर बरे. पांढऱ्या भिंतीचे चित्र एफ १६ वर काढावे, म्हणजे आतील धुळीचे डाग दिसतात. कार्डाच्या खाचेतील टाचण्या वाकल्या नाहीत ना, हे पाहावे. शेवटी रस्त्यावर जाऊन समोरून येणाऱ्या स्कूटरवर दहा-वीस चित्रांची फैर झाडावी आणि नंबराची पाटी कितींत वाचता येते, ते मोजावे. विकणारा याला कंटाळला, तर समजावे की कॅमेरा सोडून यायचा.

मी असाच पारखून एक जुना ‘मार्क टू’ आणि ५० मिलिमीटरचे भिंग घेतले. दोन्ही मिळून पन्नास हजारांच्या आत बसले. पुढच्या मोसमात सांगलीला सामना होता. मुलींचे कबड्डीचे मैदान बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. मध्यरेषेच्या टोकापाशी बसले, की हे छोटे भिंग पुरते. या वेळी मी बटण सारखे दाबले नाही. माझ्या काकांच्या जुन्या कॅमेऱ्यात एका रोळात बाराच चित्रे निघत. त्यामुळे ते वाट पाहत. मीही वाट पाहिली. ती चढाईला गेली, पकडली गेली, जमिनीवर पडली, आणि तिचा हात रेषेकडे झेपावला तेव्हाच बटण दाबले. सात चित्रांपैकी एक मनासारखे आले: घामाने भिजलेला चेहरा, कमरेला चार जणींची मिठी आणि मध्यरेषेवर टेकलेली दोन बोटे.

त्याची मोठी प्रत काढून मी तिच्या हाती दिली. सोमवारी ती हसतच आली.

“काय म्हणाले आबा?”

“किती तरी वेळ बघत बसले, सर. मग म्हणाले, चौघींनी धरलीया, तरी हात पोचलाच की गं!”

कबड्डी म्हणजे काय, ते त्यांना दिसले होते.