अनेक ढोल, एक ताल

समजा तुमच्या शाळेत एक वाद्यवृंद बसवायचा आहे. ढोलवाला एका गावचा, बासरीवाला दुसऱ्या गावचा, झांजवाला तिसऱ्याच गावचा. तालीम एकदाही झालेली नाही, आणि वाजवायचे मात्र रात्रभर! जमेल का? तुम्ही म्हणाल, "छे! सगळा गोंधळ उडेल."

पण असे वाद्यवृंद जगात आहेत बरे का! पाश्चात्त्य देशांत गिटार आणि ड्रम यांच्या जोरावर उभे राहिलेले रॉक संगीत तुम्ही ऐकले असेल. त्याच्या 'प्रोग्रेसिव्ह रॉक' नावाच्या शाखेत लांबलचक रचना आणि मध्येच बदलणारे ताल असतात. १९७० मध्ये तीन निरनिराळ्या संचांतले तीन नामवंत कलावंत एकत्र आले आणि 'एमर्सन, लेक अँड पामर' हा संच उभा राहिला. अशा नामवंतांच्या संचाला 'सुपरग्रुप' म्हणतात. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये ॲलन पार्सन्स आणि एरिक वुल्फसन यांनी तर आणखीच वेगळी रीत काढली. कायमचे असे हे दोघेच. गायक आणि वादक गाण्यागणिक पाहुणे म्हणून यायचे.

मग त्यांचा ताल चुकत कसा नव्हता? पार्सन्स हे ध्वनिमुद्रणाचे तंत्रज्ञ होते. आज एकाचे वादन फितीच्या एका पट्टीवर मुद्रित करायचे. उद्या दुसऱ्याने ते ऐकत आपला भाग शेजारच्या पट्टीवर भरायचा. चुकले तर पुसून पुन्हा!

आता ही सोय नसलेल्या ठिकाणी जाऊ. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत, अक्कलकुवा तालुक्यात काठी नावाचे गाव आहे. एके काळी हे छोटे संस्थान होते. इथली राजवाडी होळी १२४६ सालापासून चालत आली आहे, असे परंपरा सांगते. फाल्गुन पौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातून, गुजरातेतून आणि मध्य प्रदेशातून आदिवासी बांधव इथे येतात. डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे बांधलेले नर्तक फेर धरतात. गावोगावचे ढोल आणि बासऱ्या रात्रभर वाजतात, आणि पहाटे होळी पेटते. यांतले कितीतरी जण पोटासाठी महिनोन् महिने गुजरातेत ऊसतोडीला गेलेले असतात. तालमीला वेळ कुठला? होळीला घरी यायचे आणि ढोल गळ्यात अडकवायचा!

यात अडचण कोणती, ती पाहा. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. फेराच्या एका टोकाचा ढोल ३४ मीटर दूरच्या टोकाला एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. एवढासाच! पण सेकंदाला दोन ठोके पडत असतील, तर दोन ठोक्यांमधले अंतर अर्ध्या सेकंदाचे. म्हणजे हा उशीर त्याच्या एक पंचमांश झाला. आता पहिला ढोलवाला दुसऱ्याचा ठोका ऐकण्यासाठी थांबला, आणि दुसराही पहिल्यासाठी थांबला, तर? दोघेही प्रत्येक ठोक्याला थोडे थोडे मागे पडतील आणि ताल मंदावत जाईल. माणसांच्या जोड्यांना एकमेकांच्या टाळ्या मुद्दाम उशिरा ऐकवून शास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिले आहे. उशीर वाढवला की टाळ्या खरोखरच संथ होतात.

मग फेरातली पावले एकदम कशी पडतात? पहिली मदत मोठ्या ढोलाची. कातडे जितके मोठे आणि सैल, तितकी त्याची कंपने सावकाश आणि आवाज खर्जातला. सेकंदाला १०० कंपने असणाऱ्या ध्वनीची तरंगलांबी ३.४ मीटर असते. एवढी लांब लाट माणसांच्या गर्दीला सहज वळसा घालते. सेकंदाला १००० कंपने असणाऱ्या बासरीच्या स्वराची लाट ३४ सेंटिमीटरचीच; तिला माणसांच्या अंगाची आडकाठी होते. म्हणून गर्दीत मागे उभ्या असलेल्याला बासरी ऐकू आली नाही तरी ढोल ऐकू येतो.

दुसरी मदत डोळ्यांची. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. समोरच्याचे पाऊल उचललेले दिसते ते जवळजवळ त्याच क्षणी. कान मागे पडला तरी डोळा पडत नाही! मोठ्या वाद्यवृंदात संचालक हातातली कांडी हलवतो, तेही याचसाठी. इथे कांडी नाही. नाचणाऱ्यांची पावलेच ते काम करतात. घुंगरू बांधलेला नर्तक म्हणजे चालतेबोलते वाद्यच. त्याचे पाऊल दिसतेही आणि ऐकूही येते.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. हे ताल कागदावर लिहिलेले नाहीत. पोरे लहानपणापासून थोरांच्या मागे फेरात नाचतात आणि ताल अंगात मुरतो. पुढचा ठोका केव्हा पडणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे ते ठोका ऐकायची वाट पाहत नाहीत. नेमके त्या क्षणी टिपरू मारतात. ध्वनिमुद्रणात ढोलाचा आवाज साठवता येईल, पण हे ठाऊक असणे साठवता येणार नाही. पोरे फेरात यायची थांबली, तर ते थोरांबरोबरच संपेल.

आता एक प्रयोग करा. मोकळ्या मैदानावर मित्राला थाळी वाजवायला सांगा. सेकंदाला दोन ठोके, अगदी एकसारखे. त्याच्याकडे पाहत दूर चालत जा. हळूहळू हात आणि आवाज यांची फारकत होईल. सुमारे ८५ मीटरवर हात वर गेलेला असताना आवाज येईल. १७० मीटरवर दोन्ही पुन्हा जुळतील! पण फसू नका. ऐकू आलेला ठोका आधीचा आहे. १७० मीटरला अर्धा सेकंद, म्हणजे सेकंदाला किती मीटर? गणित तुम्हीच करा. उत्तर ओळखीचे निघेल.