एका जिल्ह्याचा पाऊस, चार चौकोनांत

बेळगाव जिल्ह्यात पाऊस सगळीकडे सारखा नसतो. मलप्रभेचा उगम जिथे आहे त्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीत आषाढभर झड लागलेली असते, आणि पूर्वेला अथणीचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. या तालुक्यांचा महिनावार पाऊस एकाच आलेखात काढला की रेषांचा गुंता होतो. ‘आर’ या संगणकभाषेत हा गुंता कप्पे पाडून सोडवतात: दर तालुक्याला आपला चौकोन.

‘जीजीप्लॉट२’ पॅकेजमधली ‘फॅसेट_रॅप’ ही आज्ञा एका ओळीत हे काम करते. पण तक्ता आधी उभा हवा, म्हणजे तालुका, वर्ष, महिना, मिलिमीटर असे चार रकाने. बारा महिने आडवे मांडलेले असतील तर ‘पिव्हट_लाँगर’ने ते उभे करून घ्यावे लागतात. तालुका आणि दशक अशी दुहेरी विभागणी हवी असेल तर ‘फॅसेट_ग्रिड’.

खरा वेळ जातो तो नावांत. आरला गाव कळत नाही, अक्षरे कळतात. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे इंग्रजीतले अधिकृत नाव ‘बेलगाम’चे ‘बेळगावी’ झाले. जुन्या-नव्या नोंदी तशाच जोडल्या की एकाच गावाचे दोन चौकोन उमटतात, दोन्ही अर्धे. निपाणीची गोष्ट वेगळी. हा तालुका चिकोडीतून अलीकडे वेगळा झाला, त्यामुळे तालुकावार तक्त्यात त्याची मागची वर्षे कोरी असतात. बेरीज करताना कोऱ्या जागा वगळल्या की तिथे शून्य येते, आणि निपाणीत तेव्हा पाऊसच पडला नाही असे चित्र दिसते. ती वर्षे चिकोडीच्या नावाखालीच दाखवणे प्रामाणिक.

मग मोजपट्टी. सर्वांना एकच ठेवली तर खानापूरचा जुलै चौकोनाच्या माथ्याला टेकतो आणि अथणीचे स्तंभ तळाशी चिकटतात. फरक किती मोठा आहे ते त्यातूनच समजते, म्हणून पहिला आलेख असाच काढावा. नंतर ‘स्केल्स’ला ‘फ्री_वाय’ दिले की प्रत्येक चौकोन आपल्या मापाने ताणला जातो, आणि अथणीचा सप्टेंबरातला उंचवटा पहिल्यांदा नजरेत भरतो. खानापूरला जुलै भरतो, अथणीला परतीचा पाऊस. मात्र आता दोन्ही तालुके सारखेच ओले वाटतात, तेव्हा मोजपट्ट्या वेगळ्या असल्याचे आलेखाखाली लिहावेच लागते.

चौकोनांचा क्रम आर वर्णानुक्रमाने लावते, त्यामुळे अथणी सर्वांत आधी येते. ‘फॅक्टर’मध्ये खानापूर, बेळगाव, निपाणी, अथणी असा क्रम बांधून दिला की डोळा घाटाकडून पठारावर उतरत जातो.