पंचायतीची नवी इमारत कमी विजेत कशी चालेल?

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात धारगळचे आयुर्वेद संस्थान आणि शेजारचा मोपा विमानतळ, दोन्हींचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी झाले. असल्या मोठ्या प्रकल्पांना वीजबचतीचे सल्लागार मिळतात. पंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या नव्या कार्यालयाचा नकाशा पाहायला मात्र गावच लागते. तो कसा वाचायचा, ते पाहू.

वीजबचत म्हटले की आधी छपरावरची सौर पॅनल डोळ्यांपुढे येतात. खरे तर ती शेवटची पायरी. पहिली पायरी उन्हाची. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर थेट येते आणि छज्ज्याला दाद देत नाही. म्हणून इमारतीच्या लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला असाव्यात आणि पश्चिमेला जिना, स्वच्छतागृहे, सामानाची खोली घालावी. पेडण्याच्या अक्षांशावर मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून उत्तरेच्या खिडक्यांनाही छज्जा हवाच. छज्जा खोल असेल तर पावसाच्या झडीतही खिडकी थोडी उघडी ठेवता येते.

सगळ्यात जास्त ऊन खाते ते छप्पर. सपाट स्लॅब दिवसभर तापतो आणि पावसात गळतो. गोव्यातल्या कितीतरी घरांनी स्लॅबवर उतरते छप्पर चढवून यावर उपाय केला आहे. मधल्या पोकळीतून वारा खेळता ठेवला, तर खालच्या खोल्यांपर्यंत उष्णता कमी पोचते. हे नंतर घाईने पत्रे टाकून करण्यापेक्षा मूळ नकाशातच असावे. जुन्या घरांतले राजांगण आणि पडवी हेच काम करत आली आहेत. दाखल्यासाठी थांबलेल्या माणसांना पडवीत बसू द्यावे, तिथे एसीची गरजच नाही.

मग येतात यंत्रे. साधा छतपंखा सुमारे ७५ वॅट घेतो, ब्रशलेस मोटरचा (बीएलडीसी) पंखा ३० वॅटच्या आसपास. असे दहा पंखे आठ तास चालले, तर रोज साडेतीन युनिटांहून अधिक बचत होते. एसी संगणकांच्या आणि दस्तऐवजांच्या खोलीपुरताच ठेवावा. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या नि घरपट्टीची कागदपत्रे पावसाळ्यातल्या दमटपणाने बुरसतात. तिथे कोरडी हवा हवीच, तिथला खर्च टाळू नये. संगणकांच्या खोलीतला एसी २४ अंशांवर ठेवावा; एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

एवढे झाल्यावर सौर पॅनल. दहा किलोवॅटला सावली नसलेली सुमारे शंभर चौरस मीटर जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने रोज चाळीसएक युनिट मिळतात. जून ते ऑगस्टमध्ये बरेच कमी. कार्यालय दिवसाच चालते, त्यामुळे वीज बहुतांशी जागच्या जागी वापरली जाते. रविवारची वीज नेट मीटरिंगने वीज खात्याच्या जाळ्यात जाते आणि बिलात वळती होते. दमट, खाऱ्या हवेत लोखंडी सांगाडा गंजतो, म्हणून तो जस्ताचा लेप दिलेला किंवा ॲल्युमिनियमचा मागावा.

दिल्लीच्या इंदिरा पर्यावरण भवनात हाच क्रम दिसतो. २०१४ साली उद्घाटन झालेल्या या सरकारी इमारतीत आधी मधले अंगण, नैसर्गिक प्रकाश आणि कमी विजेची यंत्रणा आहे, मग ९३० किलोवॅटची सौर पॅनल. गरज आधीच उतरली, म्हणून तेवढी पॅनल पुरतील असा हिशेब मांडता आला.

इमारत कितीही चांगली असली, तरी पॅनल धुणारा आणि दर महिन्याचे बिल नोंदणारा एक माणूस नेमलेला नसेल, तर तिची बचत दोन-तीन वर्षांत विरून जाते. तेव्हा नव्या कार्यालयाचा विषय ग्रामसभेत आला की तीन गोष्टी मागा: जुन्या कार्यालयाची बारा महिन्यांची वीजबिले, दिशा दाखवणारा नकाशा आणि देखभालीसाठी अंदाजपत्रकातली तरतूद. निविदा निघण्याआधी मागा. पाया खणल्यावर इमारतीची दिशा बदलता येत नाही.