ट्रॅक्टरचा क्लच थरथरतो : कारणे व निदान

भरलेली ट्रॉली ओढावयास निघताना क्लचचे पायडल हळूहळू सोडले असता सारा ट्रॅक्टर थरथरू लागतो. अशा वेळी प्लेट बदलण्याचा सल्ला ताबडतोब मिळतो. परंतु त्यासाठी बहुतेक ट्रॅक्टर इंजिन व गिअरबॉक्स यांच्या मधून अलग करावा लागतो, आणि ऐन पेरणीत हे काम परवडत नाही. म्हणून आधी निदान करावे.

पायडल पूर्ण सोडताच थरथर थांबत असेल तर दोष बहुधा क्लचचा. चालत्या ट्रॅक्टरातही ती टिकत असेल तर अन्यत्र शोधावे. नंतर क्लचच्या घराच्या तळाशी असलेले लहान छिद्र पाहावे. तेथून तेल ठिबकत असल्यास इंजिनच्या मागचे किंवा गिअरबॉक्सच्या पुढचे ऑइल सील गळत आहे, असे समजावे. डिझेल इंजिनचे वापरलेले तेल काळे असते; गिअरबॉक्सचे बहुधा तसे नसते. हे तेल प्लेटच्या अस्तरावर गेले की अस्तर क्षणभर पकडते, घसरते, पुन्हा पकडते. हीच ती थरथर. सील तसेच ठेवून बसविलेली नवी प्लेटही लवकरच तेलकट होते, व सर्व खर्च वाया जातो.

छिद्र कोरडे असल्यास जळून गुळगुळीत झालेले अस्तर, वाकलेली प्रेशर प्लेट किंवा एका पातळीत नसलेली क्लचची बोटे यांचा संशय घ्यावा. अस्तर जळण्यास पायडलवर पाय विसावण्याची सवय पुष्कळदा कारण असते, आणि ती आपल्याकडे फार आहे. बोटांची पातळी मात्र मेकॅनिकने ट्रॅक्टर जोडण्यापूर्वीच मोजून घ्यावी. मालकाने त्या वेळी जवळ उभे राहावे.