दुनळी बंदूक आणि जमिनीवरचे मोठे पक्षी

बंगळूरच्या आग्नेयेस असलेले कोरमंगला हे आज दाट वस्तीचे उपनगर आहे. १९९७ साली राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने तेथे जे निवासी संकुल उभे राहिले, त्या जागी पूर्वी तलाव होता. बंगळूरच्या भूरचनेत कोरमंगला हे एका खोऱ्याचेही नाव आहे. या खोऱ्यातले पावसाचे पाणी पूर्वी एकामागून एक तलाव भरीत बेळ्ळंदूरच्या मोठ्या तलावाकडे वाहत जाई आणि प्रत्येक तलावाच्या बांधाखाली भाताची खाचरे असत. हिवाळा लागला की अशा दलदलीच्या खाचरांत उत्तरेकडून पाणलावे उतरत. १८०९ साली बंगळुरात इंग्रजांची लष्करी छावणी वसली. तेव्हापासून छावणीतील हौशी शिकाऱ्यांच्या दृष्टीने शहराभोवतीचे तलाव म्हणजे हिवाळ्यातील करमणुकीचे हुकमी ठिकाण झाले.

पाणलावा म्हणजे जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाचा, चिखलाच्या रंगाचा पक्षी. तो पायाखालून अचानक उठतो आणि नागमोडी वळणे घेत दूर जातो. त्याच्यावर नेम साधणे इतके अवघड, की लपून अचूक गोळी घालणाऱ्या सैनिकाला इंग्रजीत जो ‘स्नायपर’ शब्द रूढ झाला, तो या पक्ष्याच्या नावावरून आला आहे. त्याचा वापरही अठराव्या शतकात हिंदुस्थानातील इंग्रज शिपायांमध्ये सुरू झाला, असे कोशकार मानतात. दुसऱ्या टोकाला अमेरिकेच्या रानातील टर्की. तिचा नर आठ-दहा किलो वजनाचा असतो आणि तो उडण्यापेक्षा चालणे अधिक पसंत करतो. या दोन्ही पक्ष्यांसाठी शिकाऱ्याने एकच हत्यार वापरावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. ते हत्यार म्हणजे दुनळी बंदूक.

रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात व तिच्यातून एकच गोळी सुटते. बंदुकीची नळी मात्र आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून शिशाच्या छऱ्यांचा पुंजका बाहेर पडतो. ‘बारा बोअर’ या शब्दाचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. एक पौंड शिशाच्या समान बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एका गोळीचा जो व्यास, तो या नळीचा व्यास होय. तो सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. म्हणूनच बोअरचा आकडा वाढला की नळी अरुंद होते. नेहमीच्या बारा बोअर काडतुसात सहा क्रमांकाचे सुमारे तीनशे छरे मावतात. नळीबाहेर पडल्यावर हा पुंजका पसरू लागतो. जवळच्या अंतरावर तो ताटलीएवढा असतो, पुढे सुपाएवढा होतो आणि त्याहून पुढे इतका विरळ होतो, की त्याच्या फटींतून पक्षी सुखरूप निसटावा. पक्ष्यांच्या शिकारीचे सारे शास्त्र या पसरण्याला लगाम घालण्याचे आहे.

हा लगाम नळीच्या तोंडाशी असतो. नळीचा शेवटचा भाग किंचित आवळला की छरे एकत्र राहतात. या आवळण्याला ‘चोक’ म्हणतात. बर्मिंगहॅमचा बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याने ही पद्धत पूर्णत्वास नेली आणि १८७५ साली लंडनमध्ये झालेल्या जाहीर चाचण्यांत चोक असलेल्या नळ्यांनी साध्या नळ्यांना मागे टाकले. पूर्ण चोक म्हणजे तरी केवढा? जेमतेम एक मिलिमीटरचा. परंतु त्याचा परिणाम मोठा आहे. चाळीस यार्डांवर, म्हणजे सुमारे छत्तीस मीटरांवर, तीस इंच व्यासाचे वर्तुळ काढून त्यात किती छरे लागले हे मोजण्याची रीत आहे. साध्या नळीचे शेकडा चाळीस छरे त्या वर्तुळात पडतात, पूर्ण चोकच्या नळीचे सत्तर.

दुनळी बंदुकीचे मर्म येथे आहे. दोन नळ्या म्हणजे केवळ दोन बार नव्हेत. दोन नळ्यांचे चोक वेगवेगळे ठेवता येतात. रूढ पद्धतीत उजवी नळी सैल आणि डावी आवळलेली असते. चापही दोन असतात. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. पाणलावा किंवा तित्तिर शिकाऱ्याच्या जवळून उठतो व दूर जातो. म्हणून पहिला बार पसरट छऱ्यांचा आणि पक्षी दूर गेल्यावर दुसरा बार दाट छऱ्यांचा, असा हा क्रम आहे. बोट एका चापावरून दुसऱ्या चापावर सरकवण्यास क्षणार्धही लागत नाही. एकाच नळीच्या, अनेक काडतुसे भरता येणाऱ्या बंदुकीत ही सोय नाही. तिच्यात काडतुसे जास्त मावतात खरी, पण त्या सर्व काडतुसांना तोच एक चोक लाभतो.

टर्कीच्या शिकारीत हाच क्रम उलटा होतो. वसंतऋतूत नर टर्की पहाटेपासून साद घालू लागतो. शिकारी झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून, अंगावर पालापाचोळ्याच्या रंगाचे कपडे घालून निश्चल बसतो आणि मादीचा आवाज काढून नराला जवळ बोलावतो. पक्षी पायी चालत, थांबत, मान उंच करून पाहत येतो. येथे उडत्या पक्ष्यावर नेम धरायचा नसतो. टर्कीच्या अंगावरील पिसांचे जाड चिलखत आणि छातीचे मांस छऱ्यांना अडवते, त्यामुळे अंगावर बार टाकला तर पक्षी जखमी होऊन रानात निघून जातो आणि कुठेतरी मरतो. म्हणून नेम केवळ डोके व मान यांवर धरतात. हे लक्ष्य इतके लहान असते, की त्यावर पुरेसे छरे पडण्यासाठी पूर्ण चोकची नळी लागते. त्यातही पस्तीस-चाळीस यार्डांपलीकडे समजूतदार शिकारी बार टाकीत नाही.

परंतु बोलावलेली टर्की नेमकी पस्तीस यार्डांवर थांबेल असे कोण सांगणार? पुष्कळदा ती दहा पावलांवर येऊन उभी राहते. इतक्या जवळ पूर्ण चोकचे छरे मुठीएवढ्याच जागेत जातात आणि नेम दोन बोटे चुकला तर सारे छरे फुकट जातात. अशा वेळी पुढचा चाप ओढून सैल नळी वापरणे शहाणपणाचे ठरते. दुनळीचा खरा लाभ तो हाच. निवड आधी करून ठेवावी लागत नाही. ती शेवटच्या क्षणी करता येते.

या लाभाची किंमतही मोजावी लागते. दोन नळ्या शेजारी शेजारी डाख देऊन जोडताना त्या अगदी समांतर ठेवून चालत नाही. त्या तोंडाकडे किंचित जवळ येतील अशा जोडतात, जेणेकरून दोन्हींचे छरे ठरावीक अंतरावर एकाच ठिकाणी पडावेत. हे काम कारागिराच्या हाताचे व डोळ्याचे आहे, आणि चांगल्या दुनळीची किंमत तिच्या नक्षीपेक्षा या जुळणीत असते. जुळणी चार बोटे चुकली तर पाणलाव्याच्या शिकारीत ती खपून जाते, कारण पुंजका मोठा असतो. टर्कीच्या मानेच्या बाबतीत मात्र ती खपत नाही. म्हणून जाणकार शिकारी हंगामापूर्वी कागदावर डोके-मान रेखून दोन्ही नळ्यांचे बार वेगवेगळे टाकून पाहतात.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. आजोबांच्या काळातील इंग्रजी दुनळी पुष्कळ घरांत आढळते. तिचा काडतुसाचा कप्पा बहुधा अडीच इंचांचा असतो. टर्कीसाठी आज मिळणारी काडतुसे तीन इंचांची व त्याहूनही लांब असतात. लांब काडतूस आखूड कप्प्यात कधी कधी बसते, हाच धोका आहे. बार होताना त्याचे तोंड उलगडण्यास जागा राहत नाही, आतील दाब बेसुमार वाढतो व नळी फुटू शकते. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या, पाण्यासारखी नक्षी दिसणाऱ्या जुन्या डमास्कस नळ्यांबाबत तर हा धोका दुप्पट. त्या पाहण्यास सुंदर असतात, आणि तेवढ्यावरच समाधान मानावे.

टर्की हा पक्षी आपल्याकडे रानात नाही, पण त्याची ओळख जुनी आहे. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे नवलाचे प्राणी आणले, त्यांत एक टर्की होती. तिच्या डोक्यामानेचे रंग पालटताना पाहून बादशहाला सरड्याची आठवण झाली. उस्ताद मन्सूरने काढलेले तिचे चित्र आजही पाहावयास मिळते. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला ‘पेरू’ म्हणतात. मराठी माणूस त्या नावाने फळ खातो, ही गंमत जाता जाता नोंदवण्याजोगी आहे.

टर्कीशी आकाराने आणि सवयींनी तुलना करावी असा आपल्या माळरानातील पक्षी म्हणजे माळढोक. तोही जमिनीवर राहणारा, चालणारा, आणि विणीच्या काळात गळ्याची पिशवी फुगवून घुमणारा. नराचे वजन कधी कधी चौदा-पंधरा किलोंपर्यंत जाते. अहमदनगर जिल्ह्यात रॉबर्ट मॅन्सफील्ड या एकाच इंग्रजाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. त्या वेळी मागून काडतूस भरण्याची बंदूक प्रचारात नव्हती व चोकही नव्हता. पुढून दारू ठासायची, छरे ओतायचे, असा तो काळ. उघड्या माळावर हा सावध पक्षी पायी माणसाला बंदुकीच्या पल्ल्यात येऊ देत नाही. मात्र शेतकऱ्याच्या बैलगाडीला तो भीत नसे. म्हणून शिकारी बैलगाडीत दडून, पक्ष्याभोवती आकसत जाणाऱ्या फेऱ्या घेत जवळ जात. स्वातंत्र्याच्या सुमारास बैलगाडीची जागा जीपने घेतली आणि मग चातुर्याचीही गरज उरली नाही.

बंदूक दोन्ही पक्ष्यांवर चालली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील अनेक राज्यांतून टर्की नाहीशी झाली होती. तिचे पुढे जे झाले ते माळढोकाचे झाले नाही, याची कारणे पाहण्यासारखी आहेत. १९३७ साली तेथे कायदा झाला. त्यायोगे शिकारीच्या बंदुका व काडतुसे यांवरील अकरा टक्के कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या पुनर्वसनास लावले गेले. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडण्याचे प्रयोग फसले. मग रानातलेच पक्षी तोफेने उडवल्या जाणाऱ्या जाळ्यांत पकडून ओसाड झालेल्या रानांत नेऊन सोडण्यात आले, आणि त्यांची संख्या पुढे साठ लाखांच्या आसपास गेली. परंतु पैसा आणि जाळी यांइतकेच महत्त्व अंड्यांना आहे. टर्कीची मादी एका खेपेस दहा-बारा अंडी घालते. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, जेथे कुत्री, कोल्हे व गुरांचे खूर यांची भीती असते. अशा पक्ष्याची दरसाल पन्नास या हिशेबाने झालेली हत्या कोणत्याही कराने भरून निघण्याजोगी नव्हती.

माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा, असे सालिम अली यांचे मत होते; १९६३ साली तो मान मोराला मिळाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळढोकाला सर्वोच्च संरक्षण दिले. त्याच सुमारास सोलापूरजवळच्या नान्नज येथे हे पक्षी असल्याचे प्रकाशात आले व १९७९ साली तेथे अभयारण्य जाहीर झाले. पाणलावे व बदके यांची शिकार मात्र परवान्याने काही काळ चालू राहिली. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचे परवानेच बंद झाले. आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत व त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. त्यांना आता बंदुकीपेक्षा विजेच्या तारांचे भय अधिक आहे. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरचे त्याला थोडेच दिसते, आणि अंगाने जड असल्यामुळे तार दिसली तरी ऐन वेळी वळता येत नाही.

शिकार थांबली तरी तिचे शिसे लगेच नाहीसे होत नाही. पाणथळ जागी वर्षानुवर्षे पडलेले छरे चिखलात राहतात, बदके ते खडे समजून गिळतात आणि शिशाच्या विषाने मरतात. हे सिद्ध झाल्यावर अमेरिकेने १९९१ साली पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे वापरण्यास देशभर बंदी घातली व पोलादी छरे आणले. जुन्या चोकच्या पातळ नळ्यांना कठीण पोलाद मानवत नाही, त्यामुळे अनेक नामांकित दुनळ्या तेथे पाणवठ्यावरून निवृत्त झाल्या.

कर्नाटकात कोडगूच्या कोडवा समाजाला बंदूक बाळगण्यासाठी परवान्याची अट नाही. ही जुनी सवलत २०१९ साली आणखी दहा वर्षांसाठी वाढवण्यात आली. कैलपोळ्दच्या सणाला तेथे बंदुकीची पूजा होते. इतरांना परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. परवान्यावर दुनळीची नोंद अजूनही ‘डीबीबीएल’ या आद्याक्षरांनी होते. निवडणुका जाहीर झाल्या की अशा बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि शहरातील एखाद्या जुन्या दुनळीचा वर्षानुवर्षांतला प्रवास पुष्कळदा तेवढाच असतो.